प्रति: मांजरे दूर सोडण्याबाबत
भटकी मांजरे पकडून दूर सोडली की त्यांच्या वाढत्या संख्येचा प्रश्न सुटतो, हे या चर्चेत मांडलेले मत मला पटत नाही, कारण अन्न आणि आडोसा कायम राहिला तर रिकाम्या जागेत लवकरच दुसरी मांजरे येतात, आणि हलवलेल्या मांजरांचे अनोळखी जागी फार हाल होतात. नसबंदी करून त्याच जागी परत सोडणे हाच मार्ग मला योग्य वाटतो.

मात्र वेळेचा मुद्दा येथे कोणी मांडलेला नाही. मादी 4-5 महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते, गर्भकाळ सुमारे 9 आठवड्यांचाच असतो आणि पिल्ले अंगावर पीत असतानाही ती पुन्हा गाभण राहू शकते. त्यामुळे निम्म्याच मांजरांची शस्त्रक्रिया करून काम थांबवले, तर उरलेल्या माद्या ती तूट पाहता पाहता भरून काढतात. भुलीत असतानाच कानाचे टोक किंचित कापून ठेवले, तर नसबंदी झालेले मांजर दुरूनही ओळखता येते आणि त्याला पुन्हा पिंजऱ्यात पकडून विनाकारण घाबरवावे लागत नाही.