मदत हवी आहे: विद्युतदर्शीची पानं उघडतच नाहीत

प्रयोगवही: उद्या सकाळी आठवीच्या वर्गात घर्षणविद्युत दाखवायची आहे. विद्युतदर्शी (चार्ज ओळखायचं साधन: बरणीत तारेला टांगलेली धातूची दोन पानं, तारेच्या वरच्या टोकाला चकती; चार्ज आला की पानं फाकतात) घरीच बनवलंय, सगळं पुस्तकाप्रमाणे. दांडा घासून जवळ नेला तरी पानं ढिम्म. लवकर सांगा.

कणाद: दांडा कशाचा, घासला कशाने? पानं, झाकण कशाचं? गाव कोणतं?

प्रयोगवही: काच, रेशीम. पितळेची सळईही घासली. पानं चॉकलेटच्या चांदीची. झाकण बरणीचंच, भोक पाडून तांब्याची तार घातली. रत्नागिरी. गावाचा काय संबंध?

धन_ऋण: पावसाळ्यात हवाच वाहक होते. हिवाळ्यात करा.

कणाद: चूक. दमट हवा वाहक होत नाही. काचेच्या पृष्ठभागावर पाण्याचा पातळ थर बसतो, चार्ज त्यावरून निसटतो. म्हणून पावसाळ्यात काच नकोच. पीव्हीसीचा पाइप घ्या, लोकरीने घासा. लोकरीवर आधी इस्त्री फिरवा. पाइपने कागदाचे कपटे उचलले नाहीत, तर दोष विद्युतदर्शीत शोधत बसू नका.

टेस्टर: झाकण पत्र्याचं असणार. तार त्याला टेकली की चार्ज झाकणावर, तिथून दमट काचेवरून टेबलात. भोक मोठं करा आणि तारेवर नळाची टेफ्लॉन टेप तीसेक वेढे गुंडाळून घट्ट बसवा. तार मोटारच्या वाइंडिंगची असेल तर दोन्ही टोकांचं एनॅमल (तारेवरचा दुर्वाहक लेप) पॉलिश पेपरने खरवडा. चॉकलेटच्या चांदीला मागे बहुधा कागद चिकटलेला असतो, पानं जड होतात. स्वयंपाकघरातली फॉइल घ्या, ५ मिमी रुंद, ४ सेंमी लांब, नखाने सपाट करून तारेच्या खालच्या टोकाला वाकवलेल्या आकड्यात सैल अडकवा.



धन_ऋण: पितळ सुवाहक आहे, घासून त्यावर चार्ज येतच नाही. वर्गात हेच सांगा.

कणाद: कृपया हे मुलांना सांगू नका. पितळेवरही येतो, पण हातातून शरीरात आणि जमिनीत जातो. सळईचं टोक पीव्हीसी पाइपच्या तुकड्यात बसवा, पाइप धरून घासा, मग पाहा.

टेस्टर: आणखी एक. पाइप चकतीला नुसता टेकवू नका, कडेवरून ओढत न्या. दुर्वाहकावरचा चार्ज जागचा हलत नाही, टेकलेल्या ठिपक्यापुरताच उतरतो. पानं उघडून लगेच मिटली तर गळती टेपपाशी किंवा झाकणापाशी. हेअर ड्रायरने सुकवा, झोत पानांवर नको.



प्रयोगवही: टेप मिळाली. पाइप कपटे उचलतोय. आता पाइप जवळ नेला की पानं उघडतात, दूर नेला की मिटतात. गळतीच ना?

कणाद: नाही, ते प्रवर्तन: पाइप न टेकताच विद्युतदर्शीतला चार्ज तेवढ्यापुरता सरकतो. पाइप जवळ असतानाच चकतीला बोट लावा, बोट आधी काढा, मग पाइप. पानं उघडी राहतील, पाइपच्या उलट चार्जने.