पडक्या दगडी घराभोवतीची रानफुलं वाचवायची आहेत, मदत हवी आहे

बंद पडलेल्या दगडी घराची डागडुजी उन्हाळ्यात करायची आहे. पावसाळ्यात जोत्यालगत तेरडा आणि दगडांच्या सांध्यांत बारीक पिवळी फुलं दाटून येतात, ती अजिबात गमवायची नाहीत. पिंपळाचं रोप मात्र मुळासकट काढलं, ते भिंत फोडतंच. दगडांमधल्या दरजा (फटी) चुन्यानेच भरणार. सिमेंट आणि तणनाशक नको. तेरड्याची पिकलेली बोंडं बोट लागताच फुटून बी उडतं, म्हणून त्यांना आधीच कागदी पिशव्या बांधून बी जमवलं, सावलीत सुकवलं. पिवळ्याचं बी हाती लागलं नाही. परांचीसाठी (उंचावर काम करायच्या मचाणासाठी) जोत्यालगतची माती उकरावी लागेल, त्यात गळलेलं बी असणारच. वरचा किती इंच थर काढून ठेवू? आणि पावसापर्यंत तो कोरडा झाकून ठेवू की ओलसर?