कापडी पिशव्या बाहेरून शिवून घ्यायच्या आहेत

मी कोल्हापूरची. इचलकरंजीहून तागे आणून कटिंग मीच करणार, शिलाई गल्लीतल्या बायकांकडे नगावर. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, झाली, ती फुकटच असते. जीएसटी नंबर लगेच काढू का?

— ताई, माल राज्यातच विकणार असाल तर वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत गरज नाही. परराज्यात पाठवणार असाल तर आधी नंबर. मग जॉबवर्कला, म्हणजे बाहेर शिवायला, दिलेल्या कापडाचं डिलिव्हरी चलन (मालासोबत द्यायचा कागद) करायचं आणि माल वर्षाच्या आत परत यायला हवा.

— मी स्वतः नगावर शिवते, म्हणून सांगते. दोरा कुणाचा, ते आधी बोलून घ्या, भांडणं तिथंच होतात. एक पिशवी शिवून नमुना म्हणून द्या. बंदाला चौकोन मारून आत फुली टाकायला सांगा, नाहीतर पाच किलो बटाट्यांत बंद हातात येतो. खराब नगाचे पैसे कापणार असाल तर तेही आधीच सांगा, शनिवारी हिशेबाला बसल्यावर नको. आणि गणपती-दिवाळीला आमच्याकडं ब्लाउजांचा ढीग असतो, पिशव्या मागं पडणारच.

— दोरा माझाच देते मग. मुदत मागताना गणपती धरून मागेन. फुली एकेरी की दुहेरी?

— दुहेरी!