मदत हवी आहे: गोचिडीतून येणारे जंतू समजून घ्यायचे आहेत

नमस्कार मंडळी. रविवारी मुलीच्या गुडघ्यामागे काळा ठिपका दिसला. आधी तीळच वाटला, भिंगातून पाहिलं तर पाय हलत होते! बारीक चिमट्याने अगदी कातडीलगत धरून गोचीड सरळ वर ओढून काढली. मुलगी ठणठणीत आहे. महिनाभर ताप आणि चट्ट्यावर लक्ष ठेवा, असं डॉक्टरांनी सांगितलंय.

तेव्हापासून वाचतेय, पण गुंता वाढतच चाललाय. लाइम या गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या आजाराचा बोरेलिया हा मळसूत्रासारखा पीळदार जिवाणू. शास्त्रज्ञ विली बर्गडॉर्फर आणि सहकाऱ्यांनी १९८२ साली त्याची माहिती प्रसिद्ध केली. अंगावर पुरळ आणणाऱ्या गोचीड-तापाचा रिकेट्सियाही जिवाणूच, पण तो पेशीच्या आत शिरल्याशिवाय वाढत नाही. बबेसिया मात्र तांबड्या पेशींत राहणारा परजीवी, थेट मलेरियाची आठवण करून देणारा. आणि क्यासनूर तापाचा, म्हणजे माकडतापाचा, तर विषाणू.

बोरेलिया गोचिडीच्या आतड्यात असतो आणि ती रक्त पिऊ लागल्यावर लाळग्रंथींकडे सरकतो, म्हणून पहिल्या २४ तासांत ती काढली तर धोका बराच कमी, इथपर्यंत समजलं. रिकेट्सियालाही असाच वेळ लागतो का?

दुसरं, एकाच चाव्यातून बोरेलिया आणि बबेसिया दोन्ही येऊ शकतात. डॉक्सीसायक्लिन हे प्रतिजैविक पहिल्यावर चालतं, पण बबेसियाचे उपचार वेगळे. शिवाय लाइमची प्रतिपिंड तपासणी सुरुवातीच्या आठवड्यांत निगेटिव्ह येऊ शकते. मग ताप आलाच तर कोणती तपासणी आधी करतात? सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेलं कुणी असेल तर कृपया सविस्तर सांगा.