क्लेझ्मरमधला 'रडका' सूर म्हणजे काय? आणि वाद्यांचे प्रकार?

सांगलीकर_क्लॅरिनेट: मी लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतो, परवा यूट्यूबवर क्लेझ्मर (पूर्व युरोपातल्या ज्यूंचं संगीत) ऐकलं आणि वेडाच झालो, सूर मधेच रडल्यासारखा तुटतो, त्याला काय म्हणतात? आणि कॉर्डोफोन, एरोफोन हे काय प्रकरण आहे?

मिरजेचा_तंबोरा: अरे सोप्पंय. तार वाजली की कॉर्डोफोन, म्हणजे आपल्या मिरजेची सतार, तंबोरा. हवा वाजली की एरोफोन, तुझं क्लॅरिनेट, सनई. कातडं ताणलेलं ते मेंब्रानोफोन, आणि टाळ-झांजा अंगानेच वाजतात म्हणून इडिओफोन. हे वर्गीकरण हॉर्नबोस्टेल आणि झाक्स या वाद्य-अभ्यासकांनी 1914 ला मांडलं, पण आपल्या नाट्यशास्त्रात तत (तार), सुषिर (हवा), अवनद्ध (कातडं), घन (टाळ-झांजा) हे कधीचंच आहे की!

फिडलवाला: त्या रडण्याला क्रेख्त्स म्हणतात, यिडिश म्हणजे त्या ज्यूंच्या भाषेतला शब्द, अर्थ कण्हणं. क्लेझ्मर हे त्यांच्या लग्नातलं संगीत, म्हणजे तुझ्याच लाइनचं 😄 व्हायोलिनवर सूर संपता संपता वरच्या बोटाने किंचित टिचकी द्यायची आणि आवाज लगेच दाबायचा, वरचा सूर नीट ऐकू आला तर चुकलं समज. क्लॅरिनेटवर ते घशातून अडखळवतात, आपल्याकडे पाठवणीला आईचा हुंदका अडकतो ना, तसं. क्लेझ्मरमध्ये ड्रेडल म्हणून अजून एक प्रकार असतो, म्हणजे सुराभोवती गिरकी, आपल्या मुरकीच्या जवळची.

सांगलीकर_क्लॅरिनेट: भारी! ट्राय केलं, शेजारच्या काकू विचारायला आल्या, बाजा बिघडला का रे म्हणून.

फिडलवाला: मग बरोबर जमतंय. पण प्रत्येक सुरावर नको टाकू, मजा जाते.