वरातीतून आणलेल्या घोडीसाठी लगाम आणि खोगीर: मदत हवी आहे

नमस्कार. मी इंदूरचा. दिवाळीनंतर एका वरातवाल्याकडून सात वर्षांची मारवाडी घोडी घेतली. नाव बिजली, स्वभावाने अगदी गरीब. तिच्याबरोबर आलेल्या लगामाला आतून काटे होते. तो पहिल्याच दिवशी काढून टाकला. (१९६५ च्या केंद्रीय नियमांनी काटेरी लगामावर बंदी आहे, तरी वरातींत तो अजून दिसतो. फार वाईट वाटतं.)

आता साधं स्नॅफल बिट (बिट म्हणजे तोंडात राहणारी लगामाची धातूची कांडी) आहे, पाच इंची, मध्ये एकच सांधा. चालते नीट, पण दुडकी सुरू झाली की मान झटकते, तोंड उघडते. ओळखीचे एक जण म्हणतात, कडक बिट लावा, त्याशिवाय ऐकणार नाही. तिच्या ओठांच्या कोपऱ्यांत जुने व्रण आहेत, माझा हात धजत नाही. जाड बिट सौम्य पडतं का? माप कसं घ्यायचं?

आणखी एक. खोगीर उसनं आणलेलं आहे. उतरल्यावर पाठ घामाने ओली असते, पण खांद्यामागे दोन्ही बाजूंना तळहाताएवढी जागा कोरडी राहते. खोगिराखाली जाड नमदा (लोकरीची गादी) घालू का?

प्रतिसाद

अहो, नमदा घालू नका! ती कोरडी जागा म्हणजे तिथे खोगीर इतकं दाबतंय की घामच सुटत नाही. खोगिराचा सांगाडा अरुंद आहे, जाड नमद्याने तो आणखी आवळेल. मान झटकण्याचं मूळही तिथेच असू शकतं. जाड, वाकणारी तार खांद्याच्या हाडामागे पाठीवर आडवी दाबा, तो आकार पुठ्ठ्यावर उतरवा आणि कानपूरच्या खोगीरवाल्याला पाठवा. बसल्यावरही मानेमागच्या उंचवट्यावर दोन-तीन बोटं जागा उरली पाहिजे, आणि खोगीर शेवटच्या बरगडीच्या मागे जाता कामा नये.

बिटाचं म्हणाल तर आधी दात तपासून घ्या. दाढांपुढे छोटा सुळ्यासारखा दात असला तर बिट त्यावर आपटतं. माप दोरीने घ्या, ओठांच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत, आणि त्यात जेमतेम अर्धा सेंटीमीटर मिळवा. लहान तोंडात जाड बिट जिभेला जागाच ठेवत नाही. एका सांध्याचं बिट ओढलं की घडी पडून टाळूला लागू शकतं, म्हणून दोन सांध्यांचं बघा. मारवाडीच्या आत वळलेल्या कानांसाठी लगामाची कपाळपट्टी थोडी लांब घ्या, आखूड असली की कानांच्या मुळाशी काचते.

मूळ धागाकर्ता

दोरीने साडेचार इंच भरलं! म्हणजे पाच इंची बिट तोंडात इकडेतिकडे सरकत होतं. शनिवारी महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दात दाखवायला नेतो. तोवर खोगीर बंद, म्होरकी घालून नुसतं फिरवतो. तारेचा आकार घेताना ती कशी उभी असावी?

प्रतिसाद

सपाट जमिनीवर, चारी पायांवर सारखा भार, मान नेहमीच्या उंचीला. चारा खात असताना घेऊ नका, मान खाली गेली की पाठीचा आकार बदलतो.