‘मुक्तस्रोत’ म्हणायचे आणि परवाना गुलदस्त्यात ठेवायचा?

अंत्रुजकर : फोंडा तालुक्यातील आमच्या देवस्थान समितीसाठी महाजनांची (देवस्थानाच्या वंशपरंपरागत सभासदांची) नोंदवही आणि अभिषेकाच्या पावत्या सांभाळणारे सॉफ्टवेअर शोधताना ‘संपूर्ण मुक्तस्रोत’ (ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड कोणीही पाहावा, वापरावा, बदलावा असे) अशी जाहिरात असलेले एक सापडले. सोर्स कोड उघडला, तर परवान्याची फाईलच नाही. एका फाईलच्या माथ्यावर जीपीएल या मुक्तस्रोत परवान्याच्या आवृत्ती ३ चा उल्लेख आणि माहितीपानाच्या तळाशी ‘व्यावसायिक वापरास मनाई’. मुक्तस्रोत कशाला म्हणावे हे ठरवणाऱ्या ओपन सोर्स इनिशिएटिव्ह या संस्थेच्या व्याख्येतील सहाव्या कलमानुसार वापराच्या क्षेत्रावरून भेदभाव करता येत नाही, म्हणजे ही मनाई खरी असेल तर बिरुद खोटे आहे. शिवाय सेवेचे पैसे घेऊन पावती फाडणे हा व्यवसाय ठरतो की नाही, हे समितीने कोणाला विचारायचे?

बार्देसकर : आपला मुद्दा मला पटत नाही. एकटा माणूस रात्री जागून काही लिहितो आणि फुकट देतो, त्याच्याकडून वकिली काटेकोरपणाची अपेक्षा कशाला? कोड सर्वांसमोर आहे. शंका असेल तर त्यालाच विचारावे.

अंत्रुजकर : विचारले. ‘खुशाल वापरा’ असे एका ओळीचे उत्तर आले. परंतु त्या कोडला आणखी चौघांचे हात लागले आहेत, आणि १९५७ चा आपला कॉपीराइट कायदा संगणक प्रोग्रामला साहित्यकृती, म्हणजे लिहिणाऱ्याचा हक्क असलेले लिखाण, मानत असल्यामुळे त्या चौघांच्या वतीने परवानगी देण्याचा अधिकार या गृहस्थांना आपोआप मिळत नाही. शेजाऱ्याच्या कुळागरातली सुपारी कुंपणावरून दिसते, म्हणून ती पाडून नेता येत नाही.

मांडवीकाठ : मोठेही हेच करतात. फेसबुकची मालक कंपनी मेटाने २०२३ साली ‘लामा २’ हे कृत्रिम बुद्धिमत्तेचे मॉडेल ओपन सोर्स म्हणून मिरवले. परवान्यात मात्र ७० कोटींहून अधिक मासिक वापरकर्ते असलेल्या कंपन्यांनी वेगळी परवानगी घ्यावी, अशी अट होती.

बार्देसकर : ती अट फोंड्याच्या देवस्थानाला कधी लागू होणार? मेटाने निदान अट लिहून तरी ठेवली. आपल्या माणसाने लिहिली नाही, एवढाच त्याचा दोष, आणि तो एक फाईल जोडली की सुटतो.

अंत्रुजकर : फाईल जोडण्यापूर्वी चौघांचा होकार लागेल. मी त्यांना पत्रे पाठवली असून दोघांची उत्तरे आली आहेत. तोवर आमच्या पावत्या कार्बन कागद लावूनच फाडल्या जातील.